गाइड डॉगचं पिल्लू वाढवताना: आधी काय, नंतर काय

मला येणारे बहुतेक फोन एकाच वाक्यानं सुरू होतात. "लॅब्राडॉरचं पिल्लू आणलंय, अंध माणसाला द्यायला तयार करायचंय. आता पुढं काय करू?" फोन करणाऱ्याची तळमळ खरी असते, म्हणून उत्तर देताना जीव तुटतो. कारण पहिल्याच पायरीवर क्रम उलटा झालेला असतो.

स्वयंसेवकाचं काम नेमकं काय, तेवढं आधी सांगते. गाइड डॉग तयार करणाऱ्या संस्थेनं निवडलेलं पिल्लू साधारण ८ आठवड्यांचं असताना आपल्या घरी येतं आणि १४ ते १८ महिन्यांचं झालं की परत जातं. हार्नेस (अंध माणूस धरतो ती मूठ असलेला अंगपट्टा) घालणं, रस्ता ओलांडणं, अडथळा चुकवून माणसाला पुढं नेणं हे सगळं नंतर प्रशिक्षक शिकवतात. आपण द्यायच्या त्या स्वच्छ सवयी, न बिचकणारं मन आणि माणसाकडं लक्ष ठेवण्याची ओढ. पुढची प्रत्येक सूचना वाचताना एक प्रश्न जवळ ठेवा: हे जनावर उद्या ज्याच्या हाती जाईल त्याला दिसत नसेल, किंवा तो व्हीलचेअरवर असेल, ही सवय त्याला परवडेल का?

टप्पा १: संस्था आधी, पिल्लू नंतर

दुकानातून किंवा ओळखीच्या माणसाकडून पिल्लू विकत घेऊ नका. संस्था पिल्लू निवडते तेव्हा त्याच्या आईबापांचे खुबे, कोपरे, डोळे आणि स्वभाव तपासलेले असतात. खुब्याचा सांधा बिघडलेला कुत्रा दोन वर्षं जीव लावून वाढवला तरी त्याला माणसाला घेऊन चालण्याचं काम देता येत नाही. आणि संस्थेनं ते पिल्लू घ्यायलाच नकार दिला, तर तुमच्याकडं एक चांगला पाळीव कुत्रा उरतो. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही निघाला होता ते काम हे नव्हे.

संस्थेशी बोलताना एवढं विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या:

- पिल्लाची मालकी कोणाकडं राहणार? (संस्थेकडंच राहायला हवी.)
- खाणं, लसी, आजारपण यांचा खर्च कोण करणार?
- रात्री दोन वाजता पिल्लू आजारी पडलं तर फोन कोणाला करायचा, आणि उपचाराचा निर्णय कोणाचा?
- प्रशिक्षक बेळगाव, खानापूर, निपाणीपर्यंत येणार का? किती दिवसांनी?
- आपण लग्नकार्याला गावी गेलो तर पिल्लू कोण सांभाळणार?
- ते निवडलं गेलं नाही तर पुढं कुठं जाणार?

जगभरच्या गाइड डॉग संस्थांना मान्यता देण्याचं काम इंटरनॅशनल गाइड डॉग फेडरेशन करतं. संस्था त्याची सदस्य आहे का, नसेल तर कोणत्या निकषांनी काम करते, हेही विचारून घ्या. प्रशिक्षक वर्षभरात एकदाही येणार नसेल तर पिल्लू घेऊ नका. आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत, त्या बघायला बाहेरचे डोळे लागतात.

तपासा: घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी घेतली का? घरातल्या प्रत्येकानं, अगदी आज्जीनंही, होकार दिलाय का? एकाचा जरी विरोध असला तरी थांबा.

टप्पा २: घराचे शब्द ठरवा

आपल्या बेळगाव भागात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण घरात मराठी बोलतो, शेजारी कन्नड, कॅम्पात हिंदी, पलीकडच्या गल्लीत कोकणी. माणसाला याचा त्रास होत नाही. पिल्लाला होतो. माझ्या पहिल्या पिल्लाला मी "बस" शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की जेवताना आई "बस, बस, भात नको" म्हणाली की ते बसायचं. पोरं "बस आली, बस आली" ओरडली की बसायचं. शेजारचे काका फोनवर "बस झालं की ओ" म्हणाले तरी बसायचं. इतक्यांदा तो शब्द कानावर पडून काहीच मिळालं नाही, म्हणून शेवटी मी म्हटल्यावर ते बसेनासं झालं. चूक पिल्लाची नव्हती. मी त्याला असा शब्द दिला होता जो आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा फुकट जातो.

"ये"चंही तेच. आणि शेजारीण कन्नडमध्ये "बा" (म्हणजे ये) म्हणून बोलावते, तर आपण "काय बा" म्हणून एकमेकांना हाक मारतो.

म्हणून पिल्लू येण्याच्या आधी आठवडाभर हे करा:

1. संस्थेची शब्दांची यादी मागून घ्या. बहुतेक ठिकाणी ती इंग्रजी असते: सिट, डाउन, स्टे, कम, आणि शी-शू करण्यासाठी एक वेगळा शब्द, बऱ्याचदा "बिझी". पुढचा प्रशिक्षक आणि पुढचा मालक हेच शब्द वापरणार असतात.
2. यादी देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. शेजारी जास्त येणं-जाणं असेल तर कन्नडमध्येही लावा.
3. घरातल्या सगळ्यांकडून ते शब्द म्हणवून घ्या. उच्चार थोडा वेगळा झाला तरी चालतो, शब्द बदललेला चालत नाही.
4. आधी नाव, मग शब्द, आणि तोही एकदाच. "सिट, सिट, अरे सिट की रे" म्हटलं की पिल्लू शिकतं ते एवढंच, की तिसऱ्या वेळेपर्यंत थांबलं तरी चालतं.

इशारा: हाताच्या खुणेवर पिल्लू फार पटकन शिकतं, आणि आपण नकळत बोट वर करत राहतो. मग बोट नसलं तर त्याला काहीच कळत नाही. उद्याचा मालक पिल्लाकडं बघून खूण करू शकणार नाही.

तपासा: पिल्लाकडं पाठ करा, हात मागं बांधा आणि शब्द म्हणा. दहापैकी आठ वेळा काम झालं तरच तो शब्द शिकवून झाला म्हणायचं.

टप्पा ३: घर पिल्लाच्या उंचीवरून बघा

जमिनीवर बसा आणि चारही बाजूंना नजर फिरवा. निपाणी भागात तंबाखूची पोती, विड्यांचा चुरा, मिश्रीची डबी घरात असते. निकोटिन कुत्र्याला विषारी आहे, आणि पिल्लाला मारायला थोडंसं पुरतं. गोकाकच्या करदंटात सुका मेवा असतो. त्यात बेदाणे असतील तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा आणि लसूण यांपासून पिल्लाला लांब ठेवायचं. उंदराचं औषध, युरिया, कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या कुलपात ठेवा. परसात कठडा नसलेली विहीर किंवा उघडा शेणखड्डा असेल तर तिकडं जाणारी वाट बंद करा.

घराच्या एका शांत कोपऱ्यात पिंजरा किंवा जाळीचं कुंपण ठेवा. "कोंडून का घालायलाय ओ त्याला?" असं सगळे विचारतील. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसातले १६ ते १८ तास झोपतं. बाराजणांच्या घरात त्याला ती झोप पिंजऱ्याशिवाय मिळत नाही, आणि न झोपलेलं पिल्लू चावरं होतं. पहिले चार दिवस दार उघडंच ठेवून जेवण आत द्या. मग जेवताना दार लावा. मग झोपेत. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात घालू नका.

टप्पा ४: शी-शू, शब्दावर आणि दोरीवर

पाळीव कुत्र्यानं बाहेर जाऊन शी केली की झालं. गाइड डॉगला तेवढं पुरत नाही. त्यानं सांगितल्यावर, सांगितल्या जागी, दोरी हातात असतानाच करायला हवं. कारण दिसत नसलेल्या माणसाला ती जागा हातानं शोधून शी उचलायची असते. कामावर असताना, दुकानात किंवा बसस्टँडवर त्यानं करून ठेवलं तर तो माणूस चारचौघांत अडकतो.

1. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर दोरी लावून ठरलेल्या जागी न्या.
2. एकाच जागी उभे राहा. दोरीच्या लांबीत त्याला फिरू द्या. बोलू नका.
3. ते करायला लागलं की शब्द म्हणा, हळू आवाजात. मोठ्यानं म्हटलं तर मधेच थांबतं.
4. संपल्यावर तिथंच खाऊ द्या. घरात येऊन दिला तर तो घरात येण्याचा खाऊ होतो.
5. पाच मिनिटांत काही झालं नाही तर पिंजऱ्यात ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा न्या.
6. दोन-तीन आठवड्यांनी शब्द आधी म्हणायला सुरुवात करा.

नेहमीची चूक ही, की खेड्यात पिल्लू फक्त गवतावर किंवा मातीवर करायला शिकतं. मग शहरातल्या सिमेंटच्या गल्लीत दिवसभर धरून ठेवतं. लसी पुऱ्या झाल्या की मुद्दाम सिमेंट, फरशी, खडी, ओली माती अशा वेगवेगळ्या जागा वापरा.

इशारा: घरात केलं म्हणून ओरडू नका, नाक घासू नका. त्यातून ते माणसासमोर करायचंच नाही एवढं शिकतं, आणि दोरीवर करणं कायमचं अवघड होतं.

टप्पा ५: लसी पुऱ्या होईपर्यंत जग उचलून दाखवा

इथं दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. पिल्लाचं मन साधारण ३ ते १४ आठवड्यांपर्यंत नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. पण डिस्टेंपर आणि पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांची लस ६ ते ८ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत द्यावी लागते, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि गल्लीत मोकळी कुत्री आहेतच. लसी पुऱ्या होईपर्यंत घरात कोंडलं तर पिल्लू भित्रं होतं. खाली सोडलं तर जीव जाऊ शकतो.

यातून वाट एकच. पिल्लू उचलून न्या. कडेवर, टोपलीत, रिक्षात मांडीवर. पाय जमिनीला लागू देऊ नका, पण डोळ्यांना आणि कानांना सगळं मिळू द्या. रोज एकच नवी गोष्ट, दहा मिनिटं. माझ्या यादीत हे असतं: रेल्वे फाटकाजवळून जाणारी मालगाडी, छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट, बुरखा, व्हीलचेअर, पांढरी काठी, भजनातले टाळ, कडकलक्ष्मीचा आसूड, नंदीबैल, सौंदत्तीला जाणाऱ्या जोगतिणी, आणि हंगामात ऊस भरून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा, मोठ्यानं गाणी लावलेला ट्रॅक्टर. हा ट्रॅक्टर शेवटी घ्या आणि लांबून घ्या.

पिल्लू जांभई देतं, ओठ चाटतं, मान फिरवतं, हातातला खाऊ घेत नाही, तेव्हा ते घाबरलेलं असतं. अशा वेळी धीर द्यायला जवळ नेऊ नका. मागं सरका. पुन्हा खाऊ घ्यायला लागेल इतकं अंतर ठेवा. उद्या एक पाऊल पुढं.

तपासा: लसीच्या कार्डावर तारीख आणि बाटलीवरचा स्टिकर आहे का? जंताचं औषध १२ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. आपल्याकडच्या पावसात लेप्टोस्पायरोसिसची लसही डॉक्टरांना विचारून घ्या.

टप्पा ६: ताट आणि तिठा

२०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी लॅब्राडॉरच्या भुकेशी जोडलेला एक जनुकीय बदल शोधला. सर्वसाधारण लॅब्राडॉरमध्ये तो चारातल्या एकाकडं असतो, पण त्यांनी तपासलेल्या सहायक कुत्र्यांमध्ये चारातल्या तिघांकडं सापडला. खाऊसाठी जीव टाकणारा कुत्रा खाऊवर लवकर शिकतो, त्यामुळं हे पटण्यासारखं आहे. पण याचा अर्थ असाही, की तुमचं पिल्लू तुमच्याकडं बघतंय म्हणून ते उपाशी आहे असं नाही.

संस्थेनं सांगितलेलं खाणं मोजून द्या. सुरुवातीला तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. शिकवताना दिलेला खाऊ त्याच मापातून काढा. ताटातलं काही नाही, भाकरीचा तुकडा नाही, मांड्याचा पापुद्रा नाही. "उपाशी मारायलाय काय ओ बिचाऱ्याला?" याला माझं उत्तर ठरलेलं आहे: "मावशी, हे उद्या हॉटेलात टेबलाखाली दोन तास बसणार आहे."

खाली पडलेलं उचलणं ही त्याहून मोठी अडचण. आपण डोळस, पिल्लानं काय तोंडात घातलं ते बघतो आणि काढतो. उद्याच्या मालकाला कळणारच नाही. आणि आपल्या रस्त्यांवर असतं किती! चिकनच्या दुकानाबाहेरची हाडं, पितृपक्षात ठेवलेली पानं, अमावस्येला तिठ्यावरचा उतारा, त्यातला भात, अंडं, लिंबू. म्हणून घरातच सराव करा. मुठीत खाऊ धरा. पिल्लानं नाक बाजूला केलं की दुसऱ्या हातातला द्या. मग खाऊ जमिनीवर, वर पाय. मग उघडा, दोरी आखूड. मग अंगणात. जमिनीवरचा खाऊ त्याला कधीच मिळू द्यायचा नाही, नेहमी हातातला. या सरावाला मी रोज पाच मिनिटं देते आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत सोडत नाही.

टप्पा ७: रस्ता, बाजार, प्रवास

लसी पुऱ्या झाल्यावर पिल्लू जमिनीवर. आधी सकाळची रिकामी गल्ली, मग टिळकवाडीसारखा रुंद रस्ता, मग दुपारचा गणपत गल्लीचा कोपरा, आणि खडे बाजाराची गर्दी आठव्या-नवव्या महिन्यात. याच्या आधी बाजार दाखवायची घाई बरेचजण करतात, आणि पिल्लू माणसांच्या पायांना घाबरायला लागतं.

डाव्या बाजूला, थोडं पुढं, सैल दोरीवर चालवा. गुडघ्याला चिकटून चालायला शिकवू नका. त्याला पुढं राहूनच माणसाला न्यायचंय. ओढलं तर थांबा, दोरी सैल झाली की निघा. दिवसातून पाच वेळा पंधरा मिनिटं चांगली, एकदा तासभर नव्हे. गल्लीतल्या क्रिकेटचा चेंडू आणून देण्याचा खेळ टाळा. चेंडूमागं धावणारा कुत्रा माणसाला घेऊन रस्त्यात उतरतो. कोंबड्या आणि मांजरांच्या बाबतीतही हेच.

लोक हात लावायला येणार. अंगावरच्या जॅकेटवर मराठीत "हात लावू नका", कन्नडमध्ये "मुट्टब्याड्री" लिहा. ओळखीच्या माणसाला हात लावू द्या, तेही पिल्लाचे चारही पाय जमिनीवर असतील तरच.

इशारा: जॅकेट म्हणजे परवाना नाही. दुकान, बँक, देऊळ, बस, सगळीकडं आधी एकट्यानं जाऊन विचारा, मग पिल्लू न्या. कंडक्टर नाही म्हणाला तर वाद घालू नका. पिल्लू त्या आवाजातून बसबद्दल वाईट शिकतं. रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर ब्रेक व्हॅनमधला पिंजरा. त्या पिंजऱ्यात पिल्लू पाठवू नका. सरकत्या जिन्यावर तर कधीच नेऊ नका, नखं अडकतात.

मोकळी कुत्री समोर आली तर पळू नका. पिल्लाला पायामागं घ्या, छत्री उघडून मधे धरा, सावकाश वळा. कुणाला चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. पिल्लाला चावलं तर त्याची लस झालेली असली तरी डॉक्टरांकडं न्या.

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेश विसर्जनाला पिल्लू नेऊ नका. डॉल्बी आणि फटाके यांची तयारी महिनाभर आधी घरात करा: जेवताना मोबाइलवर अगदी बारीक आवाजात लावा, आठवड्यानं किंचित वाढवा. वळवाच्या गडगडाटालाही हाच सराव उपयोगी पडतो.

टप्पा ८: ऊन, पाऊस, गोचीड

एप्रिल-मेमध्ये, अथणी-रायबागकडं तर मार्चपासूनच, डांबरावर हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर फिरायला नेऊ नका. पावसात रोज कान आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

गोचीड कानात, काखेत, बोटांमध्ये रोज शोधा. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. घरातली तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक आहेत. गोठ्यातलं गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध पिल्लाला लावणं ही आपल्याकडची फार जीवघेणी चूक आहे. खानापूरच्या जंगलकडेला राहणाऱ्यांनी स्वतःच्या अंगावरचे गोचीडही बघावेत. पलीकडं गोव्यात सत्तरीला आणि सिंधुदुर्गात दोडामार्गला माकडताप आढळलेला आहे.

टप्पा ९: सात ते दहा महिने

शिकलेलं सगळं विसरल्यासारखं वाटेल. कालपर्यंत ओळखीचा असलेला कचऱ्याचा डबा आज राक्षस वाटेल. हे वयाचं आहे, जातं. नवं शिकवणं थांबवा, जुनं सोपं करून घ्या, आणि संस्थेला कळवा. मादी असेल तर याच सुमारास पहिल्यांदा माजावर येऊ शकते. तीन आठवडे दोरीशिवाय अंगणातही सोडू नका. नसबंदी कधी करायची ते संस्था ठरवते.

टप्पा १०: परत देणं

शेवटच्या दोन महिन्यांत पिल्लाला आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या स्वयंसेवकाच्या घरी झोपवा. आपल्याशिवाय जेवता-झोपता येणारं पिल्लू संस्थेच्या केनेलमध्ये (कुत्र्यांच्या निवासात) कमी त्रास काढतं. बरोबर द्यायचं ते असं: लसीचं कार्ड, दर महिन्याचं वजन, शब्दांची यादी, आणि एका पानावर खरं-खरं लिहिलेली भीतीची यादी. अमुक आवाजाला बिचकतं, जिन्याच्या जाळीवर थांबतं, हे लपवू नका. आपण लपवलेली भीती उद्या भर रस्त्यात त्या माणसाला भेटते.

तपासणीत बरीच पिल्लं निवडली जात नाहीत. खुब्यात दोष निघतो, ॲलर्जी निघते, कुणाचा स्वभाव फारच मायाळू. त्यातली काही दुसऱ्या प्रकारच्या मदतीच्या कामाला जातात, काही चांगल्या घरी. संस्थेनं तुम्हाला आधी विचारलं तर घरात एकदा बसून ठरवा. पाळीव म्हणून ठेवलं की पुढचं पिल्लू वाढवायला तेवढी जागा आणि वेळ उरतो का, ते बघा.

सोपवण्याच्या दिवशी सकाळी नेहमीचंच फिरणं, नेहमीचंच खाणं. निरोपाची पंगत नको, पोटभर लाड नकोत. गाडीत उलटी होते. दोरी प्रशिक्षकाच्या हातात द्या आणि आपण आधी निघा. त्याला आपल्याकडं वळून बघत जावं लागू नये. संस्था सांगेपर्यंत भेटायला जाऊ नका. मी पहिल्या वेळी तिसऱ्याच दिवशी गेले होते, आणि त्यानंतर आठवडाभर ते दाराकडं बघत बसलं होतं, असं प्रशिक्षकानं मला नंतर सांगितलं.